व्याह्यांसाठी नेलेली ब्रँडी

ओमानहून आल्यापासून वखारीत येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय काय पाहिलंत?" डोंगर, वाळवंट, समुद्र असं ठरलेलं उत्तर मी देतो आणि गिऱ्हाईक समाधानाने फळ्या बघायला लागतं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. त्यात एक ब्रँडीची बाटली आहे, आणि ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहून काढतो.

आमची लाकडाची वखार कराडला. मुलगी मुक्ता पुण्यात नोकरी करते. तिथेच तिला रोहन सावंत भेटला. दोघांनी आधी लग्न करायचं ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं, हल्लीचा क्रम असाच असतो. रोहनचे आईवडील ओमानमधल्या इब्रा नावाच्या गावी राहतात. मूळचे मालवणकडचे. वडिलांचं एसी आणि फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आई तिथल्या भारतीय शाळेत शिकवते. वडिलांचा होकार लगेच आला. आई मात्र फोनवर म्हणाली, "मुलगी गोड आहे, पण घरची माणसं भेटल्याशिवाय मला काही सांगता यायचं नाही. तुम्ही दोघं या, चार दिवस राहा, मग बोलू." थोडक्यात, मुलगी बघून झाली होती, आता मुलीचे आईबाप दाखवायचे होते. निघताना मुक्ताने मला बाजूला घेऊन बजावलं, "बाबा, तिथे काही घोळ घालू नका."

मस्कत, सोमवार

विमानतळावर सामान येईपर्यंत मी ड्यूटी फ्रीच्या दुकानात शिरलो. माझी बायको विद्या हिने चिवडा, पेढे, काळा मसाला, हळदीची पूड असं निम्मं घर बॅगेत भरलं होतं. पण ते सगळं बायकांनी बायकांना द्यायचं. होणाऱ्या व्याह्यांना पुरुषाने पुरुषाला द्यावं असं काहीतरी हवं, असं माझ्या मनाने घेतलं. रोहन एकदा बोलता बोलता म्हणाला होता की पप्पा मालवणला आले की संध्याकाळी थोडीशी घेतात. तेवढ्या आधारावर मी निघालो.

वरच्या फळीवर कोन्याकच्या बाटल्या होत्या. त्यातल्या एकीच्या किमतीत आमच्याकडे सागाचं बऱ्यापैकी दार उभं राहील. खालच्या फळीवर एक साधी बाटली दिसली. तिच्यावर कौलारू घराचं चित्र, एका घराण्याचं आडनाव, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करत आलं आहे आणि ही ब्रँडी ओकच्या लाकडी पिंपांत मुरवलेली आहे. ओक वाचून मी थांबलो. आयुष्य लाकडात गेलं, पण ओकचा ओंडका काही मी पाहिलेला नाही. बंदरात कापून आलेल्या फळ्या पाहिल्या, तेवढंच. कराडात ओक मागायला कोणी येत नाही.

दुकानातला केरळी विक्रेता जवळ आला. "कोन्याक नहीं है सर, फ्रेंच ब्रँडी है. कोन्याक सिर्फ एक इलाके का होता है. ये बाजू के किसी गाँव का होगा. दाम देखो ना."

मी विचारलं, "पिंप नवं होतं की जुनं?"

"सर, ब्रँडी है. फर्निचर नहीं," तो म्हणाला.

दाम पाहिला आणि घेतली. घराण्याची ब्रँडी घराण्यात द्यायची, या कल्पनेवर मी मनातल्या मनात खूशही झालो. विद्याने पिशवीत डोकावून पाहिलं. व्हिस्की असती तर तिथेच तमाशा झाला असता. पण ब्रँडी तिच्या लेखी दारू नाही. आमच्या घरी बामच्या डबीशेजारी, ओव्याच्या अर्काला खेटून ब्रँडीची छोटी बाटली कायम असते. सर्दी झाली, की गरम पाण्यात दोन चमचे. मुक्ता लहान असताना थंडीत तिच्या छातीलासुद्धा ती चोळलेली आहे. "बरं झालं," विद्या म्हणाली, "परक्या मुलखात औषध जवळ असावं."

बाहेर सावंत आले होते. गोरेपान, हसरे, मिशी पांढरी आणि केस काळे. "प्रवास बरा झाला ना, मोहितेसाहेब?" म्हणत त्यांनी माझ्या हातून बॅग ओढून घेतली.

इब्रा

मस्कत सोडलं की डोंगर सुरू होतात, पण त्यांच्यावर गवताची काडी नाही. वस्तऱ्याने तासून काढल्यासारखे तपकिरी डोंगर आणि मधून सरळ रस्ता. आपल्याकडे डोंगर बघितला की झाड दिसतं, मग डोंगर. इथे दगडाच्या शिरासुद्धा मोजता येतात. इब्रा आलं की एकदम खजुराच्या बागा लागतात आणि त्यांच्या कडेने मातीच्या पडक्या, उंच घरांची जुनी वस्ती. सावंतांचं घर नव्या भागात, खाली दोन दुकानं आणि वर बिऱ्हाड.

चहा झाला. विद्या आणि सावंतवहिनी स्वयंपाकघरात गेल्या. आमची खोली दाखवायला सावंत आत आले, तेव्हा हीच वेळ म्हणून मी बॅग उघडली आणि बाटली बाहेर काढली. सावंतांनी ती पाहिली, हातात घेतली, लेबल वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी इच्छा दिसली, हे मी शपथेवर सांगीन. मग त्यांनी ती माझ्या शर्टांच्या खाली नीट झोपवली आणि बॅगेची चेन लावली.

"रागावू नका," ते म्हणाले, "पण ही बॅगेतच राहू दे. दाऊद रोज रात्री इथे जेवतो. दाभोळकडचा आहे. त्याची बायकामुलं गावाला, तो इथे एकटा. आमची पहिली खोलीसुद्धा एकत्र होती. त्याने आजवर कधी काही सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पण या घरात असली वस्तू येत नाही. म्हणजे त्याला ताटात हात घालताना विचार करावा लागत नाही."

मी शरमलो. खरं तर गोष्ट सरळ होती, तेव्हाच विद्याला सांगून टाकायची. पण पाऊल ठेवल्या ठेवल्या आपली भेट परत आली हे बायकोला सांगणं माझ्या जिवावर आलं. "काय म्हणाले, आवडली का?" तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "जाताना देऊ. आत्ता घाई नको." सगळा घोळ या एका वाक्यातून निघाला.

रात्री दाऊदभाई आले. उंच, वाळके, पांढरी दाढी, हातात तंदूरवरून आणलेल्या गरम रोट्या कागदात गुंडाळलेल्या. त्यांचं बाजारात भांड्यांचं आणि किराणाचं दुकान आहे. चपला काढून ते थेट स्वयंपाकघरात गेले, फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली आणि मग आम्हाला नमस्कार केला. "मी हितला भाडेकरू, जेवनापुरता," अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. सावंतवहिनींनी सुरमईचं कालवण केलं होतं. दाऊदभाईंनी पहिला घास घेऊन सांगितलं की आज तिरफळ जास्त झाली, आणि वहिनी म्हणाल्या, "मग उद्या तुम्ही या करायला." या दोघांचं बोलणं भावाबहिणीसारखं होतं. माझं घरी बहिणीशी एवढं बरं नाही.

वादी, मंगळवार

सावंतांना काम आणि वहिनींना शाळा, म्हणून दुसऱ्या दिवशी दाऊदभाई दुकान नोकरावर टाकून आम्हाला फिरवायला निघाले. जाताना त्यांच्या अर्बाबकडे, म्हणजे ज्यांच्या नावावर दुकानाचा परवाना आहे त्या ओमानी मालकाकडे, थांबलो. सालिम नावाचे म्हातारे गृहस्थ. त्यांच्या बैठकीचं दार पाहून मी हात लावल्याशिवाय राहू शकलो नाही. कोरीव काम तिथलं, पण लाकूड आपलं सागवान. मी बोटाने ठोकून दाखवलं आणि म्हणालो, "हा आमचा." दाऊदभाईंनी अरबीत सांगितलं. म्हातारे खूश होऊन म्हणाले की त्यांच्या आजोबांनी ते गलबतातून आणलं होतं.

मग खजूर आले आणि कहवा आला. वेलचीचा, बिनसाखरेचा, बोटभर पेल्यात. संपला की सालिम पुन्हा भरत. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. आपल्याकडे पंगतीत पुरे झालं की पानावर हात आडवा धरतात, तसा मी पेल्यावर तळवा धरला. म्हातारे चकित होऊन माझ्या हाताकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मला भाजलं. दाऊदभाई पोट धरून हसले. "तसा नाय शेठ. पेला असा दोनदा हलवायचा, मग ओततच नायत." मी हलवला आणि सुटलो. परत येताना रस्ताभर दाऊदभाई तळवा आडवा धरून मला चिडवत होते.

वादी म्हणजे डोंगरांमधली दरी. उन्हात सगळं कोरडं ठणठणीत, आणि एका वळणावर एकदम हिरवं पाणी, काठाला खजुरी. "तुमच्या कराडला दोन-दोन नद्या," दाऊदभाई म्हणाले, "तुमाला काय त्याचं. हितं एवढं पानी बगायला लोक मस्कतवरनं येतात." विद्याला ते इतकं आवडलं की ती खडकावर फोटोसाठी उभी राहिली आणि पंजाबी ड्रेससकट सरळ पाण्यात. कमरेएवढंच पाणी होतं, लागलं काही नाही, पण परत येताना ओल्या कपड्यांनी एसी गाडीत बसली आणि इब्रा येईपर्यंत शिंकायला लागली.

संध्याकाळी मी गच्चीवरून खोलीत आलो तर बाटली उघडलेली. विद्या पलंगावर बसून गरम पाणी पीत होती. "दोनच चमचे घेतले," ती म्हणाली. मला बोलायची संधी पुन्हा आली होती. पण मनात आलं, की औषधच तर आहे, आणि खोलीचं दार बंद आहे. एवढंच नाही, मी बुचात ओतून एक घोट घेतलासुद्धा. आधी ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला, मग मनुका, मग काकवीचा किंचित कडवटपणा, आणि शेवटी जुनं कपाट उघडल्यावर येते तशी ऊब. पिंप फार नवं नसावं असं माझं मत झालं. स्वस्तातली होती, पण तिच्यात लबाडी नव्हती.

बायकांचा बाजार, बुधवार

इब्र्याला बुधवारी फक्त बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका आणि घेणाऱ्याही बायका. पुरुषांना आत मज्जाव. सावंतवहिनींनी शाळेतून थोडी सवड काढून विद्याला तिथे सोडलं आणि मी बाहेर भिंतीच्या सावलीत उभा राहिलो. शेजारी चार-पाच ओमानी नवरे तसेच उभे. कोणाला कोणाची भाषा येत नव्हती, पण सगळ्यांची अवस्था एकच असल्यामुळे मजेत वेळ गेला.

विद्या दोन पिशव्या घेऊन आली. लोबान, कसलंसं अत्तर, मुक्तासाठी जरीची ओढणी, आणि काळेभोर, मऊ खजूर. "एका आजीबाईंनी हातावर ठेवून खायला लावला. बोटांनी भाव ठरवला," ती सांगत होती. सर्दी पळाली होती. तीन दिवसांत पहिल्यांदा ती मोकळी दिसली. एरवी ती दबूनच होती, कारण सावंतवहिनी नीट वागत होत्या, पण जपून. शाळेच्या गप्पा मारायच्या, मालवणच्या मारायच्या, लग्नाचं नाव काढायच्या नाहीत. विद्याचा जीव टांगणीला लागला होता. "आपण त्यांच्या मनासारखं काय करावं तेच कळत नाही," ती रात्री म्हणाली. तेव्हा ती खोलीतल्या टेबलावर स्टीलच्या डब्यात खजूर चिरून भरत होती. गावाला न्यायचे असतील असं समजून मी काही विचारलं नाही.

सूर, गुरुवार

गुरुवारी सावंतांनी सुट्टी घेतली आणि मला सूरला नेलं, खास लाकडासाठी. समुद्रकाठच्या या गावात अजून लाकडी गलबतं बांधतात. आवारात एका गलबताचा नुसता सांगाडा उभा होता. खाली सागाचे ओंडके, मलबारहून आलेले, आणि काम करणारे सुतारही केरळचे. मी तासभर तिथून हललो नाही. फासळीसारखी वाकडी लाकडं ते वाकवत नाहीत, मुळात वाकडी वाढलेली फांदी शोधून आणतात. आम्ही असली फांदी जळणात टाकतो.

परतीच्या वाटेवर करक चहा घ्यायला थांबलो. कडक, आटवलेला, वेलचीचा चहा. सावंत गाडीच्या बॉनेटला टेकून म्हणाले, "हिच्या गप्प राहण्याचं मनावर घेऊ नका. ही माणसं पारखून घेते. रोहन झाला तेव्हा मी मस्कतला अडकलो होतो. वादीला पूर आला, रस्ता बंद. हिला दाऊदने दवाखान्यात नेलं आणि मी पोचेपर्यंत बाहेर बसून राहिला. तेव्हापासून हिचं डोकं एकच. घरात माणूस येईल तो दाऊदशी कसा वागतो ते बघायचं. माझ्या सख्ख्या भावाला हिने त्यावरून दोन वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं."

"मग आम्ही कसे वागतोय?" मी हसून विचारलं.

"अजून तरी बरे," सावंत म्हणाले. मग जरा थांबून, "ती बाटली चांगली असणार हो. मालवणला आणा कधीतरी."

पुन्हा इब्रा, तीच संध्याकाळ

आम्ही सुरमई घेऊन परतलो तेव्हा घरभर केकचा वास भरला होता. सावंतवहिनी शाळेत असताना विद्याने दिवसभर खपून खजुराचा केक केला होता. तिने कधीकाळी केकचा वर्ग केलेला आहे आणि घरी नाताळच्या सुमारास तो होतोच. सावंतवहिनींच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा खरं हसू होतं. "बघा हो, विद्याताईंनी काय केलंय. खजुराला असा वास कधी आला नव्हता बाई."

जेवण झालं. दाऊदभाई रोजच्या जागी बसले होते, दाराकडे पाठ करून. वहिनींनी केक कापला आणि पहिला तुकडा बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवला. दुसरी बशी माझ्यापुढे आली. मी ती उचलली आणि नाकाशी नेली. लाकडाचा धंदा करणाऱ्याचं नाक वाईट असतं. ताजं कापलेलं लाकूड, मनुका, जुनं कपाट. डब्यातल्या खजुराचा अर्थ मला तेव्हा कळला.

दाऊदभाईंनी तुकडा मोडला होता. "वहिनी, घराची आठवन आली," ते विद्याला म्हणत होते. मी गप्प बसलो असतो तर काही झालं नसतं. कोणालाच कधी कळलं नसतं, आणि मुक्ताचं लग्न त्याच टेबलावर ठरलं असतं, इतका तो केक जमला होता. हे सगळं माझ्या मनात आलं, नाही कशाला म्हणू. आणि बोललो तर सावंतवहिनी काय करतील हेही मला त्याच दुपारी कळलं होतं. माझा हात आपोआप पुढे गेला आणि दाऊदभाईंच्या बशीवर आडवा पडला.

दाऊदभाई हसले. त्यांना वाटलं, कहव्याची थट्टा. "पेला हलवायचा शेठ, बशी नाय."

"दाऊदभाई, खाऊ नका," मी म्हणालो. "ह्यात ब्रँडी आहे."

विद्या म्हणाली, "औषधाची आहे हो. आणि भट्टीत उडून जाते ती सगळी." तिला अजून काय झालंय ते समजलं नव्हतं.

दाऊदभाईंनी बोटांतला तुकडा बशीत ठेवला. "मी खाल्ला नाय ना अजून? मग झाला." ते उठले, बेसिनवर साबण लावून हात धुतले, बराच वेळ धुतले. चपला घातल्या. "येतो वहिनी," म्हणून गेले. चहासाठी थांबले नाहीत.

सावंतवहिनी अजून सुरी धरून होत्या. "ती वस्तू ह्या घरात आलीच कशी?"

"माझ्याकडून," मी म्हणालो. "सावंतांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हिला सांगितलं नाही."

विद्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?" एवढंच ती म्हणाली आणि खोलीत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. वहिनींनी केक, त्याचं भांडं, सुरी, बश्या सगळं एका पिशवीत बांधलं आणि बाहेर नेऊन ठेवलं. सावंत टेबलाशी बसून होते. माझ्याशी कोणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार

सकाळी मी बाटली घेऊन मागच्या आवारात गेलो. सावंत मागोमाग आले. अर्धीअधिक शिल्लक होती. मोरीच्या तोंडाशी मी ती ओतायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, "थांबा जरा," आणि वाकून बाटलीच्या तोंडाचा नुसता वास घेतला. डोळे मिटून घेतला. "लाकडाचा वास येतो हो," म्हणाले. मग मान हलवली आणि मी बाकीची ओतली. वरून दोन बादल्या पाणी ओतलं. त्या घराण्यातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एवढं मुरवून ठेवलं ते इब्र्याच्या गटारात जाण्यासाठी नव्हे, असं वाटून मला वाईट वाटलंच.

शुक्रवारी दाऊदभाई नाश्त्याला येतात. सावंतवहिनींनी घावणे केले, त्यांचं ताट मांडलं आणि ते तसंच झाकून ठेवलं. विद्या माझ्याशी बोलत नव्हती, पण वहिनींना नारळ खवून देत होती. दोघी कामापुरतं बोलत होत्या. मुक्ताचा मेसेज आला, "सगळं ठीक ना?" मी फोन पालथा ठेवला. तिने एकच गोष्ट सांगितली होती.

जुम्म्याची नमाज झाली आणि थोड्या वेळाने जिन्यावर चपला वाजल्या. दाऊदभाई आले ते थेट स्वयंपाकघरात. हातात दुकानातली पिशवी. तिच्यातून त्यांनी केकचं कोरं भांडं काढलं, किमतीची चिठ्ठी अजून त्याला चिकटलेली, आणि एक खजुराचा पुडा.

"वहिनी," ते विद्याला म्हणाले, "ह्याच्यात करा. रात्री झोप नाय आली, वास सुटला नाय नाकातना."

विद्या रडायलाच लागली. "मला माहीत नव्हतं हो. आमच्यात ते औषध."

"आमच्या आईलापन डाक्टरने दिलेलं एकदा," दाऊदभाई म्हणाले. "तिने वरांड्यातनं फेकलंन, बाटलीसकट. डाक्टर खाली उभा." विद्या रडता रडता हसली. मग ते माझ्याकडे वळले. "शेठ, तुमचा हात आला नसता तर मी खाल्ला असता. मला कधी कळला पन नसता."

सावंतवहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी दाऊदभाईंचं झाकलेलं ताट उघडलं, घावणे पुन्हा तव्यावर गरम केले आणि दोन ताटं वाढली. एक त्यांच्यापुढे ठेवलं, दुसरं माझ्यापुढे. सकाळपासून मला कोणी वाढलं नव्हतं, नाश्ता मी स्वतःच घेऊन खाल्ला होता.

केक दुपारी झाला. खजूर या वेळी दुधात भिजवले होते. खरं सांगायचं तर आदल्या दिवशीचा वास याला नव्हता. दाऊदभाईंनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा कागदात बांधून घेतला. सावंतवहिनी एकच तुकडा सावकाश खात होत्या. संपल्यावर बशी खाली ठेवून म्हणाल्या, "विद्याताई, साखरपुड्याला हाच करा. ह्याच भांड्यात."

विद्याचा चमचा हवेतच राहिला. "कोणाच्या?"

"कोणाच्या म्हणजे काय, आपल्या मुलांच्या," वहिनी म्हणाल्या. "दाऊदभाई, तुम्ही रजा टाकून ठेवा."

"खलास," सावंत म्हणाले. "ठरलं मग, व्याही."

परत

मुंबईला मुक्ता गाडी घेऊन आली होती. आईच्या गळ्यात पडली, मग माझ्याकडे वळली. रोहनने तिला होकार कळवला होता, पण तपशील कळवला नव्हता. मी विमानात सगळा वेळ ते भांडं मांडीवर घेऊन बसलो होतो, कारण बॅगेत चेपलं असतं.

"बाबा, काही घोळ नाही ना घातलात?"

"घातला," मी म्हणालो आणि भांडं तिच्या हातात दिलं.